तपासणीच्या आधी ताटात काय होतं?

२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार, संध्याकाळची ओपीडी. ती आईबरोबर आली तेव्हा तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक्केचाळीस कागद होते. अर्धे जर्मन, अर्धे इंग्रजी. वय बत्तीस, श्टुटगार्टमध्ये मोटार उद्योगात नोकरी, २०१९ पासून तिकडेच. रविवारी पहाटे मुंबईला उतरून ती एक्स्प्रेसवेने कोथरूडला माहेरी आली होती. परतीचं विमान २२ मार्चचं होतं.

"डॉक्टरकाका, या चार आठवड्यांत जेवढ्या तपासण्या होतील तेवढ्या सगळ्या करून टाकू. तिकडे परत तारखांच्या मागे लागायची ताकद नाही माझ्यात."

तिच्या घराचा मी फॅमिली डॉक्टर आहे, तिच्या जन्माच्या आधीपासून. हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. परदेशी राहणाऱ्या, पोटाच्या जुन्या तक्रारी घेऊन सुट्टीत पुण्याला येणाऱ्या आणि 'सगळं एकदाच करून टाका' म्हणणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना मी पाहतो. त्यांच्यापैकी कोणाला तरी हे वेळेवर वाचायला मिळावं, एवढ्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

तिकडची अडीच वर्षं

२०२२ च्या उन्हाळ्यापासून तक्रारी वाढल्या. जेवण झाल्यावर तासाभरात पोट डब्ब व्हायचं, दिवसातून तीन-चारदा जावं लागायचं. दुपारनंतर इतका थकवा यायचा की ऑफिसच्या जिन्यावर मध्येच थांबावं लागे. तिथल्या डॉक्टरांना तिने काय सांगितलं होतं, हे मी मुद्दाम विचारलं. "पोट फुगतं आणि जुलाब होतात. एवढेच दोन शब्द मला जर्मनमध्ये धड येत होते." मग मी म्हटलं, आता मराठीत सांग, काही लाजू नकोस. तेव्हा तिने सांगितलं की शौचाला फिकट, चिकट होते, भांड्याला धरून राहते, दोनदा पाणी सोडावं लागतं. मुरडा येतो, पण आव नाही, रक्त नाही. रात्री झोपेतून उठावं लागत नाही. ताप नाही. वजन दोनेक किलोने उतरलेलं.

भांड्याला चिकटणारी फिकट शौच म्हणजे अन्नातली चरबी पचून अंगी लागत नाही, असा संशय घ्यायला जागा असते. 'जुलाब' या एका शब्दात ते कुठेच उतरत नाही. एक्केचाळीस कागदांत या लक्षणाची नोंद नव्हती.

तिकडच्या डॉक्टरांनी हयगय केली, असं मी म्हणणार नाही. भारतातून येणंजाणं असलेली मुलगी म्हणून त्यांनी आधी जंतुसंसर्ग तपासला आणि ते योग्यच होतं. शौचाचं कल्चर आणि जिआर्डियाची तपासणी, दोन्हीत काही सापडलं नाही. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन ९.६ आणि फेरिटिन ६, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. कारण म्हणून मासिक पाळी लिहिली गेली आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ महिने न चुकता गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन पोहोचलं १०.१ वर. एवढ्या गोळ्या पोटात जाऊनही लोह रक्तात का चढत नाही, हा प्रश्न तिथे विचारला जायला हवा होता. बाईच्या अंगात रक्त कमी असलं की पाळीकडे बोट दाखवून मोकळं होण्याची सवय इथेही आहे, तिथेही दिसली.

पुढे पोटाच्या तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी मिळाली. जर्मनीत त्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी तातडीचा सांकेतिक क्रमांक दिला, तर ११६११७ या सेवेमार्फत चार आठवड्यांच्या आतली वेळ मिळवून देण्याची व्यवस्था आहे. हे तिला कोणी सांगितलंच नाही. तिने स्वतः दवाखान्यांना फोन केले आणि चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली, नोव्हेंबर २०२४ ची.

सगळा घोळ त्या चार महिन्यांत झाला. जुलैमध्ये एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने घरबसल्या 'फूड इनटॉलरन्स'चा किट मागवला. बोटातून रक्ताचे दोन थेंब काढून पाठवायचे आणि कोणते पदार्थ सोसत नाहीत त्याची यादी ईमेलने यायची. या किटमध्ये आयजीजी नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मोजतात. आपण जे खातो त्याविरुद्ध ही प्रतिपिंडं निरोगी माणसातही तयार होतात. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. तिच्या यादीत गहू, दूध, अंडं, शेंगदाणे, काजू, सगळंच लाल रंगात होतं. तिने गहू आणि दूध सोडलं. सुरुवातीला गव्हाऐवजी डिंकलचा पाव खाल्ला. डिंकल हा गव्हाचाच भाऊबंद, त्यामुळे फरक पडला नाही आणि तोही सुटला. मग भात, मका आणि इथून नेलेलं ज्वारीचं पीठ. पाच-सहा आठवड्यांत पोट बरंच शांत झालं.

नोव्हेंबरमध्ये तज्ज्ञांनी गव्हामुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारासाठीची, म्हणजे सीलिअ‍ॅकसाठीची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी केली. नॉर्मल आली. कागदावर 'सीलिअ‍ॅक नाही' असं लिहिलं गेलं आणि पुढे निदान आलं ते 'राइत्सडार्म', म्हणजे आपण ज्याला आयबीएस म्हणतो ते: आतड्यात दोष सापडत नाही, तरी पोट बिघडत राहतं.

त्या वेळी चार महिने तिने गहू तोंडात घातलेला नव्हता. तज्ज्ञांनी विचारलं नाही आणि 'आता जरा बरं आहे' यापलीकडे तिने सांगितलं नाही. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं आणि त्याची खूण म्हणून ही प्रतिपिंडं रक्तात दिसतात. ग्लुटेन बंद केलं की काही महिन्यांत ती उतरतात. आग विझल्यावर धूर शोधायचा, तशातली ती तपासणी होती.

इथे आल्यावरचे तीन दिवस

सोमवारी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचं संपूर्ण तपासणीचं पॅकेज तिने करून घेतलं होतं. मंगळवारी रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला. ऐंशीच्या वर आकडे, त्यातले तेरा लाल. ड जीवनसत्त्व ९, बी-१२ कमी, फेरिटिन ७, यकृताचं एक एन्झाइम किंचित वाढलेलं. प्रत्येक लाल आकड्यापुढे एक सल्ला छापलेला होता, पण या तेरांचा एकमेकांशी काही संबंध असेल का, हे त्यात कुठेच नव्हतं. त्याशिवाय नातेवाइकांच्या ओळखीने एका मोठ्या रुग्णालयात ती जाऊन आली होती. तिथे तिला वरची आणि खालची, दोन्ही एंडोस्कोपी एकाच दिवशी आणि शिवाय सीटी स्कॅन, असा सल्ला मिळाला होता. "आलीच आहेस तर करून घे," असं.

आईच्या मनात वेगळीच भीती होती. त्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गुलेन-बॅरेची, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली होती आणि रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. तेव्हा पुण्यात कोणाचं पोट बिघडलं तरी घरात धास्ती बसायची. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "हिला पाणी उकळूनच देतेय. पण आज पोट एकदम शांत आहे हं हिचं. महाशिवरात्र ना, उपास आहे. उपास असला की लहानपणापासून हिला बरं वाटतं."

मी लिहिता लिहिता थांबलो.

साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा. आपल्या उपासाच्या ताटात गहू नसतो. "अजून कधी बरं वाटायचं?" मी विचारलं. दोघी एकदमच म्हणाल्या, मे महिन्यात, आजीकडे. आजीचं गाव सोलापूर जिल्ह्यात. तिथे तिन्हीत्रिकाळ ज्वारीची भाकरी.

मला तिथे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांची आठवण झाली. गव्हाचा या आजाराशी संबंध आहे, हा संशय त्यांना १९३० च्या दशकातच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला. इथे कोथरूडच्या घरात महिन्यातून दोन एकादश्यांना तोच प्रयोग होत होता आणि आई तो पंचवीस वर्षं पाहत होती. तिला तो कोणी विचारला नव्हता, इतकंच.

मीही नाही. मी जुनी कार्डं जपून ठेवतो. तिचं कार्ड काढलं. २००६, वय तेरा: 'पोट फुगतं, उंची कमी, एचबी ९.८.' त्याखाली माझ्याच अक्षरात जंतांवरचं अल्बेंडाझोल आणि लोहाचं टॉनिक. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा आमच्यात सीलिअ‍ॅक हा उत्तरेकडच्या, गहू खाणाऱ्यांचा आजार समजला जायचा. तो समज अगदीच निराधार नव्हता. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो सापडतो आणि दक्षिणेत त्याचं प्रमाण फार कमी आहे. पण पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातली मुलगी सकाळी डब्यात पोळी, रात्री पोळी, मधल्या वेळी बिस्किटं अशीच वाढते. मला ते तेव्हाच सुचायला हवं होतं. कार्ड मी तिच्यापुढे ठेवलं आणि तसं सांगितलं. एकोणीस वर्षं हा लहान काळ नाही.

चार आठवड्यांत काय बसतं

तिला सगळ्या तपासण्या हव्या होत्या. माझं म्हणणं होतं की आधीच्या तपासण्यांतल्या तीन अशा आहेत ज्यांच्या निकालावर विश्वास ठेवता येत नाही, कारण त्या वेळी पोटात काय होतं किंवा काय नव्हतं हे पाहिलं गेलं नाही.

पहिली टीटीजी. दुसरी एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची शौचाची तपासणी: ती जर्मनीत निगेटिव्ह आली होती, पण तेव्हा पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी रोज चालू होती. ही गोळी निदान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक निदान चार आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. तिसरी कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज आहे का, हे या शौचाच्या तपासणीवरून कळतं आणि ५० च्या आत आली तर मोठ्या आतड्याच्या दाहाची शक्यता खूप कमी होते. तिची ११० आली होती. रुग्णालयाने दोन्हीकडून दुर्बीण सुचवली ती याच आकड्यावर. पण नमुना दिला त्या आठवड्यात पाळी होती आणि ती दिवसातून तीनदा आयबुप्रोफेन घेत होती. या वेदनाशामकांनीही हा आकडा वाढतो.

माझ्या ओळखीच्या एका पोटविकारतज्ज्ञांना मी हे सगळं फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिला त्यांच्याकडे पाठवलं. भारतात क्रोन्ससारखाच (क्रोन्स म्हणजे आतड्याचा जुनाट दाह) दिसणारा आतड्याचा क्षयही डोक्यात ठेवावा लागतो. ताप, रक्त, वजनातली मोठी घट, रात्री उठवणारं दुखणं यांतलं काही असतं तर त्यांनी खालची एंडोस्कोपी लगेच केली असती. त्यांचं मत पडलं की आधी गोळ्या बंद करून कॅलप्रोटेक्टिन पुन्हा करू, वरची एंडोस्कोपी शेवटच्या आठवड्यात ठेवू, आणि खालचं त्यानंतर ठरवू.

आणि गहू पुन्हा सुरू करायचा. हे सांगणं सगळ्यांत जड गेलं. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीच्या आधी निदान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन असावं. आमच्याकडे तीनच आठवडे होते. कमी मुदतीत रोज तीन ग्रॅम ग्लुटेन देऊन दोन आठवड्यांतही बऱ्याच जणांच्या आतड्यात बदल दिसू लागतात, रक्तातली प्रतिपिंडं मात्र मागून येतात. मध्यम पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. तेव्हा ठरलं: रोज दोन पोळ्या, एक दुपारी, एक रात्री. २२ मार्चला परत गेल्यावरही त्या सुरू ठेवायच्या आणि जिथे नोव्हेंबरमध्ये रक्त दिलं त्याच लॅबमध्ये पुन्हा द्यायचं. प्रत्येक किटची टीटीजीची पट्टी वेगळी असते. इथला १८ आणि तिथला १८ सारखे नसतात, म्हणून तुलना त्याच लॅबशी करावी.

पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टींसाठी रक्त पाठवलं. एकूण आयजीए, कारण काहींच्या शरीरात हे प्रतिपिंडच कमी असतं आणि मग टीटीजी-आयजीए आजार असूनही नॉर्मल दिसते. तिचं पुरेसं होतं. दुसरी एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी. तिच्यावर गहू खाण्या-न खाण्याचा परिणाम होत नाही. दोन्ही नसली तर सीलिअ‍ॅक जवळपास बाद करता येतो आणि मुलीला विनाकारण पोळ्या खायला लावायची गरज उरत नाही. असली तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण ती निरोगी लोकांतही भरपूर असतात. तिच्यात डीक्यू२ निघालं. पोळ्या सुरू राहिल्या.

पोळीचे एकवीस दिवस

२७ फेब्रुवारीला दुपारी पहिली पोळी. चौथ्या दिवशी पोट पुन्हा डब्ब. दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी साडेसातला फोन करून रडली: "काका, मी बरी होते हो. मला परत आजारी का पाडताय?" तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी तिला सांगितलं की आजार आहे की नाही हे न कळता जन्मभर गहू टाळणं आणि आजार आहे हे माहीत असून टाळणं यांत फरक आहे. पहिल्यात लग्नाच्या पंगतीत एखादा घास चालून जातो. दुसऱ्यात चालत नाही. पुढे मूल हवं असेल, हाडं सांभाळायची असतील, भावाबहिणीला तपासायचं असेल, तर उत्तर पक्कं लागतं. ती गप्प बसली आणि म्हणाली, "बरं. दोनच ना?" १३ मार्चला होळी होती. वहिनींनी पुरणपोळी केली आणि तिने ती हिशेबात धरून, एकच खाल्ली.

मधल्या काळात गोळ्यांची वाट न पाहता तिला शिरेतून लोह दिलं, रुग्णालयात, देखरेखीखाली. आयबुप्रोफेन आणि पॅन्टोप्राझोल बंद करून पंधरा दिवसांनी केलेली कॅलप्रोटेक्टिन ३४ आली. एच. पायलोरी निगेटिव्ह. सीटीचा विषय तिथे संपला.

१९ मार्चला वरची एंडोस्कोपी झाली. इथे एक आग्रह मी धरला आणि तज्ज्ञांनाही तो मान्य होता: लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून दोन आणि त्याच्या पुढून निदान चार तुकडे घ्यायचे. नुसतं डोळ्यांना आतडं बरं दिसलं म्हणून तुकडे न घेता बाहेर आलेली दुर्बीण या आजारात उपयोगाची नाही. हा आजार ठिगळाठिगळांनी असतो. त्याच दिवशीची टीटीजी मर्यादेच्या जेमतेम वर होती.

शनिवारी ती गेली. सोमवारी रिपोर्ट आला: मार्श ३अ. आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक अंकुर काही ठिकाणी आखूड झालेले. लॅबकडून तुकड्यांच्या काचा (स्लाइड) आणि तुकडे जपलेला मेणातला ब्लॉक मागून घेऊन मी घरच्यांकडे दिले. परदेशी राहणाऱ्याने हे मागून घ्यावंच. तिथल्या पॅथॉलॉजिस्टला नुसता आपला कागद पुरत नाही, यामुळे त्याला तुकडा पुन्हा स्वतः पाहता येतो. त्याबरोबर मी एक पान इंग्रजीत लिहून दिलं. त्यावर औषधांची यादी नव्हती, फक्त तारखा होत्या: गहू कधी बंद, कधी सुरू, कोणती तपासणी त्याच्या किती दिवसांनंतर. ते पान घेऊन ती श्टुटगार्टच्या तज्ज्ञांकडे गेली. या वेळी चिठ्ठीवर तातडीचा क्रमांक मागून घेतला होता आणि वेळ तीन आठवड्यांत मिळाली. १६ एप्रिलचं रक्त त्याच जुन्या लॅबमध्ये गेलं. टीटीजी मर्यादेच्या साडेचारपट. नोव्हेंबरच्या निकालाच्या शेजारी तो आकडा ठेवून तज्ज्ञ बराच वेळ पाहत होते, असं ती सांगत होती. निदान पक्कं झालं, गहू बंद झाला, आता कायमचा.

जर्मनीतली सीलिअ‍ॅक रुग्णांची संघटना तिच्याच शहरात आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यांच्याकडून तिला तिकडच्या दुकानातल्या पदार्थांची माहिती मिळाली. आपल्या पदार्थांची मी दिली, कारण ती तिथे कोणाला माहीत असणार? आपल्याकडे मिळणाऱ्या डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ती गव्हाला हात लावत नव्हती तेव्हाही रोजच्या वरणात तो पडत होताच. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. रवा आणि शेवया हे गहूच. ज्वारी चक्कीवर दळून आणली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडात उरलेला असतो. 'ग्लुटेन-फ्री' लिहायला किलोला वीस मिलिग्रॅमची मर्यादा भारतात आहे तीच युरोपात आहे, पण चक्कीवर असा शिक्का कोण मारणार? तिने तिकडे छोटी घरघंटी घेतली आहे.

एप्रिलच्या शेवटी वहिनी एकट्याच आल्या. त्यांच्या मनगटाचं हाड दोन वर्षांपूर्वी साध्या पडण्याने मोडलं होतं, हाडं ठिसूळ असल्याचं तेव्हाच निघालं होतं. आईवडील आणि भावंडं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता पाच ते दहा टक्के असते, असं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं.

"मीही सोडल्या पोळ्या परवापासून," त्या म्हणाल्या. "तिच्यासारखीच भाकरी सुरू केलीये. तपासणी मंगळवारी करते."

"नाही वहिनी," मी म्हटलं. "आज घरी जाऊन पोळी खा. रोज दोन. रक्त मी सांगेन तेव्हा द्यायचं."